जनावराचा न्यूमोनिया : राखणदारच बिथरतो तेव्हा



गेल्या काही महिन्यांत ग्रामसंघांच्या बैठकांमध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या गावांत ऐकायला मिळाला. "गाय परवापर्यंत चांगली खात होती. काल ढासायला लागली, आज मान लांब करून श्वास घेतेय. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तरी फरक का नाही?" काही ठिकाणी तर जनावर गेल्यानंतरच हा प्रश्न आला. दुभतं जनावर गटाच्या कर्जातून घेतलेलं असलं, तर ते गेलं म्हणून हप्ता थांबत नाही. दुधाचे पैसे बंद होतात आणि हप्ता मात्र चालू राहतो. म्हणून या अंकातल्या पशुपालनाच्या पाठात आपण जनावराच्या न्यूमोनियाची गोष्ट नीट समजून घेऊ. मी जनावरांची डॉक्टर नाही. पशुसखी प्रशिक्षणात पशुवैद्यक डॉक्टरांनी जे समजावलं आणि त्यानंतर मी जे वाचलं, ते आपल्या भाषेत मांडते आहे.

पाठ थोडा मोठा आहे. एकदम वाचायला जमलं नाही तर बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकावा. शेवटी चर्चेसाठी प्रश्न दिले आहेत.

जंतू आधीपासून घरातच असतो

आपल्याला वाटतं, रोग बाहेरून येतो. पुष्कळ रोगांचं तसं असतंही. पण गाईगुरांच्या न्यूमोनियात ज्या जंतूचं नाव सर्वांत आधी घेतलं जातं, तो धडधाकट जनावराच्या नाकात आणि घशाच्या गाठींमध्ये मुक्कामालाच असतो. त्याचं नाव आहे मॅनहाइमिया हिमोलिटिका. नाव अवघड आहे, लक्षात नाही राहिलं तरी चालेल. पूर्वी त्याला पाश्चुरेला हिमोलिटिका म्हणत. १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला वेगळं काढलं आणि जर्मनीतल्या वॉल्टर मॅनहाइम या शास्त्रज्ञाच्या नावावरून नवं नाव दिलं. आपण या पाठात त्याला नुसतं 'न्यूमोनियाचा जंतू' म्हणू.

जनावर तब्येतीने चांगलं असतं तेव्हा हा जंतू थोड्या संख्येत, गपचूप राहतो. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. ते सतत वरच्या दिशेने हलतात, जणू कोणी आतून झाडू मारत असतं. धूळ, चिकट द्रव आणि जंतू त्यांच्याबरोबर वर ढकलले जातात, आणि जनावर ते गिळून टाकतं. त्यामुळे फुफ्फुस स्वच्छ राहतं.

मग बिघडतं कुठे? जनावरावर ताण आला की बिघडतं. बाजारातून टेम्पोत दाटीवाटीने उभं करून आणलं, दोन दिवस पाणी-चारा नीट मिळाला नाही, पावसात भिजलं, थंडीत उघड्यावर राहिलं, वासराला आईपासून अचानक तोडलं, चारा एकदम बदलला, किंवा आधी एखादा विषाणू येऊन गेला, की हा झाडू मंदावतो. अंगातली प्रतिकारशक्तीही उतरते. घशातला जंतू भराभर वाढतो आणि श्वासाबरोबर थेंबाथेंबाने फुफ्फुसात खाली उतरतो. परदेशात या आजाराला 'शिपिंग फीवर' म्हणजे प्रवासाचा ताप असं नाव पडलं, कारण लांबच्या प्रवासातून आणलेल्या गुरांना तो हटकून व्हायचा. आपल्याकडेही नवीन जनावर आणल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे याच कारणाने धोक्याचे असतात.

फुफ्फुसातले राखणदार

फुफ्फुसाच्या आत हवेच्या लहान लहान पिशव्या असतात. स्पंजच समजा. या पिशव्यांमधून हवेतला प्राणवायू रक्तात जातो. इथे पहाऱ्याला काही पांढऱ्या पेशी कायम बसलेल्या असतात. आत आलेली धूळ किंवा जंतू गिळून टाकणं हे त्यांचं काम. शेताची राखण करणाऱ्या माणसासारख्याच त्या आहेत.

जंतूच्या अंगावर एक खास लेप असतो. राखणदार पेशीच्या अंगावर तो लेप ओळखणाऱ्या जागा असतात. लेपाचा तुकडा त्या जागेवर बसला की पेशीला कळतं, हा आपल्यातला नाही. मग ती दोन कामं करते. एक, जंतू गिळायला लागते. दोन, आरोळी ठोकते. ही आरोळी आवाजाची नसते, रसायनांची असते. ती रसायनं रक्तात पोहोचली की ताप येतो, जनावर मलूल होतं, आणि रक्तात फिरणाऱ्या लढाऊ पांढऱ्या पेशी हजारोंनी फुफ्फुसाकडे धावतात. गावात चोर शिरल्याची हाळी आली की सगळी माणसं काठ्या घेऊन धावतात, तसंच.

इथपर्यंत सगळं बरोबर चाललेलं असतं. ताप येणं हे शरीर लढत असल्याचं लक्षण आहे. बहुतेक वेळा लढाई इथेच संपते आणि जनावर दोन दिवसांत चरायला लागतं. आपल्याला काही झालं होतं हे कळतही नाही. पण हा जंतू एक वेगळं हत्यार बाळगून असतो.

कुसळ आणि पदर

गवतातून चालताना कुसळं आपल्या लुगड्याला, साडीच्या काठाला चिकटतात. आघाड्याच्या बियाही तशाच. पण तीच कुसळं स्टीलच्या हंड्यावर टाकली तर घसरून पडतात. का? कुसळाला बारीक आकडे असतात आणि कापडात ते अडकायला जागा असते. हंड्यावर अशी जागा नसते. आता हे लक्षात ठेवून पुढे वाचा.

न्यूमोनियाचा जंतू वाढायला लागला की एक विष सोडतो. शास्त्रज्ञ त्याला ल्यूकोटॉक्सिन म्हणतात. 'ल्यूको' म्हणजे पांढरं, 'टॉक्सिन' म्हणजे विष. म्हणजे हे पांढऱ्या पेशींचं विष. ते कुसळासारखं आहे. त्याला अडकायला ठरावीक जागा लागते, आणि ती जागा पांढऱ्या पेशींच्या अंगावर असते. तिचं नाव सीडी-१८.

सीडी-१८ पेशीने जंतूसाठी ठेवलेलं नाही, हे ध्यानात घ्या. पेशीच्या रोजच्या कामाचा तो भाग आहे. रक्तातून वाहत जाणारी लढाऊ पेशी फुफ्फुसाजवळ आली की तिला रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून थांबावं लागतं आणि भिंतीतून बाहेर पडावं लागतं. वाहत्या ओढ्यात माणूस काठावरचं झुडूप धरून थांबतो, तसंच. त्या धरण्याच्या कामात सीडी-१८ हा पेशीचा हात असतो. जंतूचं विष नेमका तोच हात पकडतं.

आणखी एक अडचण होते. आरोळी ऐकून पेशी चवताळल्या की त्या आपले हे हात आणखी बाहेर काढतात, कारण आता जास्त घट्ट धरायचं असतं, जास्त लढायचं असतं. हात जास्त, म्हणजे विषाला अडकायला जागाही जास्त. जंतूच्या लेपामुळे पेशी जागी होते, आणि जागी झालेली पेशी विषाच्या तावडीत जास्त सापडते. दोन्ही गोष्टी एकमेकींना जोर देतात.

थोडं विष, जास्त विष

विष पेशीला चिकटल्यावर पुढे काय होतं, हे विष किती आहे त्यावर ठरतं.

विष थोडं असेल तर पेशी मरत नाही. ती बिथरते. पेशीच्या पोटात जंतू मारण्यासाठी साठवलेली जहाल रसायनं असतात. शत्रू समोर नसतानाही ती ते सगळं बाहेर ओतायला लागते आणि वर आणखी आरोळ्या ठोकते. म्हणजे आणखी पेशी धावून येतात.

विष वाढलं की पेशी आतून मोडायला लागतात. त्याहून जास्त झालं की विष पेशीच्या कातडीला भोकं पाडतं. भोकांतून पाणी आत शिरतं, पेशी फुगते आणि फुटते. पोटातली सगळी जहाल रसायनं फुफ्फुसाच्या नाजूक पिशव्यांवर सांडतात.

आता चित्र बघा. मदतीला येणारी प्रत्येक पेशी त्याच जागी येते, त्याच विषात सापडते आणि तिथेच फुटते. जंतू गिळायला कोणी उरत नाही. हवेच्या पिशव्या जळतात, रक्तवाहिन्या पाझरतात, त्यातला चिकट द्रव पिशव्यांमध्ये साचून गोठतो. स्पंजासारखं हलकं फुफ्फुस कलेजीसारखं घट्ट आणि जड होतं. बहुतेक वेळा फुफ्फुसाचा पुढचा-खालचा भाग आधी बिघडतो. तेवढ्या भागात हवा जात नाही. गाईचं फुफ्फुस तिच्या अंगाच्या मानाने आधीच बेताचं असतं, त्यामुळे थोडा भाग बंद पडला तरी तिला धाप लागते. मान लांब करून, नाकपुड्या फुगवून, तोंड उघडं ठेवून ती श्वास घेते ती यामुळे.

म्हणजे फुफ्फुसाची बरीचशी नासधूस जनावराच्या स्वतःच्या पेशींकडून होते. जंतू त्यांना चिकटून त्यांना तसं करायला लावतो. या पाठातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

हे रवंथ करणाऱ्यांनाच का?

एका बैठकीत एका मावशींनी चांगला प्रश्न विचारला. "आम्ही दिवसातून दोनदा गाईच्या तोंडाशी असतो. मग आम्हाला का होत नाही?"

कारण परत तेच, कुसळ आणि पदर. माणसाच्या पांढऱ्या पेशीवरही सीडी-१८ असतं, पण ते थोडं वेगळं असतं. पेशी जेव्हा सीडी-१८ तयार करते तेव्हा त्याच्या टोकाला एक छोटा तुकडा जोडलेला असतो. कुरिअरच्या पाकिटावर पत्त्याची चिठ्ठी असते, तसा. माल जागेवर पोहोचला की माणसात आणि इतर बऱ्याच प्राण्यांमध्ये ही चिठ्ठी कापली जाते. गाय, शेळी, मेंढी अशा रवंथ करणाऱ्या जनावरांमध्ये ती कापली जात नाही, तशीच लटकत राहते. जंतूचं विष त्या लटकत्या चिठ्ठीलाच अडकतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी हे २००९ मध्ये दाखवून दिलं. चिठ्ठी कापली जाते की नाही, हे त्या तुकड्यातल्या एका कणाच्या फरकावर ठरतं. २०१६ मध्ये त्यांनी गाईच्या गर्भात तो एकच कण बदलून पाहिला, तर त्या गर्भाच्या पांढऱ्या पेशींना हे विष मारू शकलं नाही. हे अजून प्रयोगशाळेतलं काम आहे. आपल्या गोठ्यात येईल अशी गाय त्यातून बाजारात आलेली नाही. पण अडकण्याची ती एक जागा किती महत्त्वाची आहे, हे यातून कळतं.

जनावराचं हे विष आपल्या पेशींना लागू पडत नसलं, तरी आजारी जनावराला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचेच. जनावरांपासून माणसाला होणारे दुसरे आजार असतात.

इंजेक्शन देऊनही जनावर का जातं?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. डॉक्टर जे प्रतिजैविकाचं इंजेक्शन देतात ते जंतूला मारतं. पण आधीच सुटलेलं विष आणि आधीच बिथरलेल्या पेशी ते परत गोळा करू शकत नाही. घट्ट झालेलं फुफ्फुस लगेच स्पंजासारखं होत नाही. आग विझवायला पाणी आणलं, पण छप्पर जळून गेल्यावर आणलं, असं होतं. म्हणून तेच औषध पहिल्या दिवशी दिलं तर जनावर उभं राहतं, आणि चौथ्या दिवशी दिलं तर कधी कधी राहत नाही. कधी जनावर वाचतं, पण फुफ्फुसाचा काही भाग कायमचा जातो. मग ते थोडं चाललं तरी धापतं, दूध पूर्वीसारखं देत नाही, वासरू वाढत नाही.

याच कारणाने डॉक्टर पुष्कळदा प्रतिजैविकाबरोबर सूज आणि ताप उतरवणारं दुसरं औषधही देतात. पेशींचा हा अतिरेक आवरायला त्याची मदत होते. "दोन-दोन इंजेक्शनं कशाला, खर्च वाढवायला?" असं काही जणी विचारतात. दोन्हींचं काम वेगळं आहे. मात्र कोणतं औषध आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. माणसांच्या मेडिकलमधून वेदनेची गोळी आणून जनावराला देऊ नका. डायक्लोफेनॅक हे औषध तर जनावरांसाठी आपल्या देशात २००६ पासून बंद आहे, कारण ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरायची.

औषधाचा कोर्स अर्धा सोडू नका. जनावर खायला लागलं म्हणजे सगळे जंतू मेले असं नसतं. आणि प्रतिजैविक चालू असताना, तसंच ते संपल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस, ते दूध डेअरीला घालू नका. ते घरातल्या मुलांनाही देऊ नका.

घटसर्प : त्याच कुळातला, पण वेगळा

घटसर्प आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पावसाळ्याच्या तोंडाला किंवा पावसात जनावराला एकदम खूप ताप येतो, घशाखाली सूज येते, तोंडातून लाळ गळते, घशातून घरघर ऐकू येते, आणि पुष्कळदा एक-दोन दिवसांतच जनावर जातं. म्हशींना याचा धोका गाईंपेक्षा जास्त. याचा जंतू पाश्चुरेला मल्टोसिडा, म्हणजे वर सांगितलेल्या जंतूच्याच कुळातला. काही जनावरांच्या घशात तोही लपून राहतो आणि ताण आला की उठतो. फरक इतकाच, की घटसर्पात जंतू फार लवकर रक्तात पसरतो आणि त्याच्या लेपामुळे सगळ्या अंगभर हाहाकार उडतो. तिथे आपल्याला वेळ आणखी कमी मिळतो.

घटसर्पाला लस आहे, आणि ती पावसाळ्याआधी, मे-जूनमध्ये, दरवर्षी टोचून घ्यायची असते. लस टोचली की लगेच ताकद येत नाही, दोन-तीन आठवडे जातात. म्हणून गावात एक म्हैस गेल्यावर पळापळ करण्यापेक्षा मे महिन्यातच ग्रामसंघाने पशुवैद्यकीय दवाखान्याला गावातल्या जनावरांची यादी द्यावी. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. घटसर्पाची लस घटसर्पासाठी आहे. ती टोचली म्हणजे प्रत्येक न्यूमोनियापासून सुटका झाली, असं नाही. न्यूमोनियासाठी पुढच्या गोष्टी कराव्याच लागतात.

आपण काय करायचं?

१. रोज सकाळी धार काढण्याआधी जनावराकडे एक मिनिट बघा. गव्हाणीत चारा उरलाय का, रवंथ करतंय का, कान पडलेत का, नाकातून घट्ट पिवळा शेंबूड येतोय का, ढासतंय का. दूध अचानक कमी होणं हे पुष्कळदा पहिलं लक्षण असतं, आणि ते आपल्याइतकं लवकर दुसऱ्या कोणाला कळत नाही.

२. श्वास मोजा. जनावर निवांत उभं असताना त्याच्या कुशीकडे, म्हणजे बरगड्यांच्या मागच्या भागाकडे बघा. कूस एकदा वर-खाली झाली की एक श्वास. मोबाइलवर एक मिनिट लावा. मोठ्या जनावराचा आकडा थंड वेळी साधारण वीस ते तीसच्या आसपास असतो. उन्हात तो वाढतो. म्हणून आपल्या जनावराचा चांगल्या दिवसातला सकाळचा आकडा वहीत लिहून ठेवा. तो दीडपट-दुप्पट झाला की समजा, काहीतरी बिघडलंय.

३. गटात एक थर्मामीटर ठेवा. त्याला दोरा बांधा, टोकाला थोडं तेल लावा, शेपटीखाली गुदद्वारात हळूच घालून एक-दोन मिनिटं धरा. गाईचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. सकाळच्या थंड वेळी ते १०३.५ च्या वर असेल आणि जनावर चारा खात नसेल, तर वाट बघायची नाही. पशुसखीला बोलवा आणि डॉक्टरांना फोन करा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. फोनवर ताप किती, श्वास किती, कधीपासून, हे तीन आकडे सांगितले तर डॉक्टरांचं काम सोपं होतं.

४. बाटलीने काही पाजू नका. जनावराची मान वर ओढून, जीभ धरून तेल, हळदीचं पाणी किंवा औषध ओतलं की ते श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो. धाप लागलेल्या जनावरात तर जास्तच. त्याने चांगल्या जनावरालाही न्यूमोनिया होतो.

५. नवीन जनावर आणलं की दोन-तीन आठवडे वेगळं बांधा. त्याचं पाण्याचं भांडं वेगळं ठेवा. आल्यावर आधी पाणी आणि सुका चारा द्या, विसावू द्या. पहिल्याच दिवशी पोटभर खुराक नको.

६. गोठ्यात वारा खेळता ठेवा. थंडीत आपण सगळ्या बाजूंनी पोती लावून गोठा बंद करतो. आत मूत्राचा वास डोळ्यांना झोंबायला लागला, तर तोच वायू जनावराच्या श्वासनलिकेतल्या झाडूला बंद पाडतो. खालच्या बाजूने थंड झोत अडवा, वरच्या बाजूला हवा जायला जागा ठेवा, आणि खाली कोरडं ठेवा.

७. वासराला चीक पाजा. गाईच्या गर्भात असताना वासराला आईच्या रक्तातून संरक्षण मिळत नाही, ते चिकातूनच मिळतं. जन्मल्यावर दोन तासांच्या आत पहिला चीक, आणि पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या भागाइतका. म्हणजे पंचवीस किलोच्या वासराला अडीच लिटर. वासराच्या आतड्यातून हे संरक्षण रक्तात जायची वाट दिवसभरात बंद होत जाते. दुसऱ्या दिवशी पाजलेला चीक पोट भरतो, पण रक्तात ती ताकद जात नाही. चिकाच्या वड्या उरलेल्या चिकाच्या करा.

८. कर्जावरच्या जनावराचा विमा आणि कानातला बिल्ला तपासा. दुर्दैवाने जनावर गेलंच, तर विमा कंपनीला लगेच कळवा आणि डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्या. दाव्यासाठी त्याचा कागद लागतो. शिवाय फुफ्फुस घट्ट झालं होतं की घटसर्प होता हे कळलं, तर गोठ्यातली बाकीची जनावरं वाचवता येतात.

जाता जाता

"जनावर एक दिवस सुस्त आहे, उद्या बघू" असं आपण म्हणतो, त्यात आपला निष्काळजीपणा असतो असं नाही. गाडीभाडं असतं, शेतात कामाला जायचं असतं, घरातला पुरुष गावाला गेलेला असतो, डॉक्टरांना बोलवायचं की नाही हे आपल्या एकटीच्या हातात नसतं. म्हणूनच हे काम गटाने करायचं आहे. थर्मामीटर गटाचं असेल, डॉक्टरांच्या फीसाठी दोनशे-पाचशे रुपये गटातून त्याच दिवशी उचलता येतील असा ठराव असेल, तर बाईला कोणाची वाट बघावी लागणार नाही. अंतर्गत कर्जाच्या नियमात 'जनावराचा तातडीचा उपचार' अशी एक ओळ घालायला एका बैठकीचा वेळ लागतो. दोन गटांनी हे सुरू केलं आहे. तुमच्या गटाचं काय ठरलं ते पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीत नक्की सांगा.

बैठकीत चर्चेसाठी

१. न्यूमोनियाचा जंतू चांगल्या जनावराच्या अंगात कुठे राहतो? तो केव्हा वाढतो?

२. कुसळ आणि पदर या उदाहरणात कुसळ म्हणजे काय आणि पदर म्हणजे काय?

३. फुफ्फुसाची नासधूस कोण करतं? मग उशिरा दिलेल्या औषधाचा उपयोग कमी का होतो?

४. आपल्या गावात घटसर्पाची लस मागच्या वर्षी कोणत्या महिन्यात टोचली? यंदाची यादी कोण करणार?

५. गटातल्या प्रत्येकीने आपल्या एका जनावराचे सकाळचे श्वास तीन दिवस मोजून वहीत लिहून आणावेत. पुढच्या बैठकीत सगळ्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघू.

तुमची,
क्षेत्रीय समन्वयक